ओल्या बोटाखालचा हिरवा

उंब्रजच्या अलीकडे महामार्गाच्या सेवारस्त्याला लागून पत्र्याची एक शेड आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर तिथे दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. एक जुना टाटा १२१०, लांब नाकाचा, कधीकाळी हिरवा असावा, आता सगळा राखाडी. दुसरी चाकांवरची खोली, म्हणजे ट्रेलरवर बांधलेली कॅरॅव्हॅन. पाचगणीकडच्या कुणाच्या तरी बागेत ती पाहुण्यांसाठी उभी असायची. ट्रकचे मालक म्हणत होते, "मिस्त्री, समदं खरवडून काढा, पार पत्र्यापतूर. ह्यात आता काय ऱ्हायलं न्हाय." कॅरॅव्हॅनच्या मालकांना छतावर पांढऱ्या रंगाचा फक्त आणखी एक हात हवा होता, कारण छत 'तसं चांगलंच' होतं. मिस्त्रींनी दोघांनाही उत्तर दिलं नाही. पाण्याच्या डब्यात बोट बुडवून त्यांनी बॉनेटवर वीतभर रेघ ओढली. राखाडी पत्र्यावर आंब्याच्या जून पानाचा दाट हिरवा उमटला आणि उन्हात बघता बघता वाळून परत राख झाला. मग स्टुलावर चढून त्यांनी कॅरॅव्हॅनच्या पांढऱ्याशुभ्र छताच्या कोपऱ्यावर तळहात दाबला. छत बोटभर खाली गेलं आणि कडेच्या पट्टीतल्या एका स्क्रूच्या डोक्याशी पाण्याचा थेंब आला. पाऊस पडून बरेच दिवस झाले होते.

दोन्ही मालकांचा अंदाज बरोबर उलटा होता.

हे तेव्हापासून डोक्यात राहिलं आहे. डोळा असा नेमका उलटा का फसावा? एका गाडीचं मरण वरच्या वर, दोन-चार मायक्रॉनांत होतं आणि खाली सगळं शाबूत होतं. दुसरीत वरची कातडी तेवढी ठीक आणि खाली भुसा. सातारा जिल्ह्यात राहणाऱ्याला खरं तर याचं नवल वाटायला नको. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर. मधलं अंतर एका दिवसात जाऊन येण्याचं. हा ट्रक म्हसवड-दहिवडीच्या उन्हात वाढलेला, कांदा आणि कडबा वाहिलेला. कॅरॅव्हॅन घाटमाथ्याच्या धुक्यात आणि पावसात उभी राहिलेली. ऊन रंगाला वरून खातं आणि ते सगळ्यांना दिसतं. पाणी छताला आतून खातं, ते कुणाला दिसत नाही.

जुन्या ट्रकचा रंग म्हणजे सिंथेटिक इनॅमल. त्यात अल्किड नावाचं राळेसारखं बांधणारं द्रव्य असतं आणि रंगद्रव्याचे कण त्यात रुतलेले असतात. वरून वेगळा पारदर्शक क्लिअर कोट नसतो, जी चमक आहे ती रंगाचीच. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला प्राणवायू मिळून वरच्या थरातलं हे बांधणारं द्रव्य तोडतात. मग रंगाचे कण सुटे होतात आणि हात फिरवला की तळव्याला खडूसारखी भुकटी लागते. प्रकाश या ओबडधोबड भुकटीवर विखुरतो म्हणून रंग पांढुरका दिसतो. पाण्याने त्या फटी घटकाभर भरल्या की खालचा खरा रंग डोळ्यांपर्यंत पोचतो. ओल्या बोटाची परीक्षा एवढीच. ओलं केल्यावर रंग गडद झाला तर तो जिवंत आहे. ओला करूनही फिका, ठिपक्याठिपक्यांचा किंवा तपकिरीच राहिला, तर तिथे रंगाचा थर संपून प्रायमर किंवा गंज वर आलेला आहे आणि तिथे पॉलिशची मेहनत वाया जाते. प्रत्येक रंग सारखाही मरत नाही. हिरव्या-निळ्यातली थॅलोसायनिन रंगद्रव्यं उन्हाला फार चिवट असतात, म्हणून जुन्या हिरव्या गाड्या खरोखर वाचतात. लाल पट्टे मात्र गुलाबी पडतात. जुन्या स्वस्त लाल इनॅमलमधलं रंगद्रव्य उन्हात विरतं, आणि त्यावर पांढरा मारला की सॉल्व्हंटमध्ये विरघळून वरही येतं, सगळा पांढरा गुलाबी करून सोडतं. लालावर दुसरा फिका रंग द्यायचा तर मध्ये अडवणारा इपॉक्सी प्रायमर हवाच.

आपल्याकडे खंडेनवमीला डिझेलचा बोळा फिरवून गाडी चकाकवायची रीत आहे. झेंडूची माळ, नारळ, आणि डिझेलने तुकतुकीत झालेलं बॉनेट. दिसायला झकास. डिझेल करतं तेच, जे ओल्या बोटाने केलं, फक्त जास्त वेळ. दोन दिवसांत त्यावर रस्त्याची धूळ बसते, काचेभोवतीचं रबर फुगून सैल होतं, आणि पुढे कधी खरा रंग द्यायचा झाला तर प्रायमर त्या तेलकट पत्र्याला धरत नाही. जवसाचं तेल लावणारेही आहेत. ते वाळतं खरं, पण चिकट पिवळट कातडी होऊन बसतं.

जिवंत रंग वर आणायचं काम संथ आहे आणि त्यात बळ लावलं की बिघडतं. आधी साबणाच्या पाण्याने धुणं. मग डिझेल आणि ग्रीसच्या डागांसाठी टर्पेंटाइनचा बोळा, आणि तो लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचा. वाळू दिला तर सुटलेला मेणचट थर परत तिथेच बसतो. मग रंगाला तेल पाजायचं. तेलकट ग्लेझ पॉलिश टर्किश टॉवेलच्या तुकड्याने भरपूर चोळायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी पुसायचं. फडकं हिरवं होईल. त्याने घाबरू नये, मेलेली भुकटीच निघते आहे आणि क्लिअर कोट नसल्याची ती खूणही आहे. त्यानंतरच घासून चमक आणणारं कंपाउंड. बफिंग मशीन मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांवर, सपाट जागी लोकरी पॅड, आणि मशीन एका जागी थांबवायचं नाही. इनॅमल उष्णतेने मऊ पडतं आणि ओढलं जातं. बॉनेटच्या कडा, मडगार्डची वळणं, दाराची शीर या ठिकाणी रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तिथे आधी मास्किंग टेप लावायची आणि शेवटी हाताने घासायचं. पहिल्यांदा फूटभराचा एकच चौकोन करून पाहावा. तिथे दोन फेऱ्यांत खोली आली तर पूर्ण गाडी करावी. जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळालं तर उत्तमच. शंभर-दीडशे मायक्रॉन असेल तर निर्धास्त, सत्तरच्या खाली गेलं तर मशीन ठेवून द्यावं, आणि एकाएकी चारशे-पाचशे दाखवलं तर खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. यंत्र नसेल तर चुंबक. पत्र्यावर खटकन बसणारं चुंबक लांबीवर घसरतं. शेवटी मेणाचा हात, आणि उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला तो दर तीन महिन्यांनी. क्लिअर कोट नसलेल्या रंगाला दुसरं छत्र नाही.

पण कामाच्या जुन्या ट्रकवर एकच रंग असेल ही आशाच करू नये. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दर वर्षी पासिंग, आणि पासिंगच्या आदल्या रात्री ब्रशने मारलेला रंग ही आपल्या रस्त्यांची जुनी परंपरा. धूळ पुसायची तसदी नाही, गंज काढायची नाही, थेट डब्यातून पत्र्यावर. असे कित्येक पासिंगचे रंग एकावर एक चढलेले असतात. दाराच्या खालच्या कडेला १२० नंबरचा घासायचा पेपर फिरवला की गोल कडी उमटतात: हिरवा, त्याखाली निळा, मग एक कुठल्यातरी निवडणुकीच्या उन्हाळ्यातला वाटावा असा केशरी, मग परत हिरवा, रेड ऑक्साईड आणि शेवटी चकचकीत पत्रा. या कड्या बघत बसावंसं वाटतं. मालक बदलले, मन बदललं, स्वस्तात जो डबा मिळाला तो मारला, सगळं त्या वर्तुळांत आहे. आणि तेवढ्यात लक्षात येतं की हे कोरडं घासणं बरं नव्हे. जुन्या इनॅमलमध्ये, विशेषतः पिवळ्या-केशरीत, शिसं असायचं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९०) आणणारा नियम २०१६ चा, लागू झाला २०१७ मध्ये. गाडीवरचे जुने थर त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून पाणीपेपरने ओलं घासायचं, तोंडाला चांगला मास्क, आणि ते रंगीत पाणी विहिरीकडे जाणाऱ्या पाटात सोडायचं नाही.

या सगळ्या थरांचं काय करायचं, इथे मात्र प्रत्येकाचं मत वेगळं. ट्रकच्या मालकांसारखं 'समदं खरवडा' म्हणणं सोपं. पण घट्ट धरून बसलेला जुना रंग हा पत्र्याचा सर्वांत चांगला प्रायमर असतो. त्याला उघडं करून पुन्हा तितकं पक्कं झाकणं शेडमध्ये सहसा जमत नाही. नखाने किंवा ब्लेडच्या कोपऱ्याने जाळी ओढून त्यावर टेप दाबून उपटावी. टेपला चौकोन निघून आले तर तेवढा भाग काढा, नाही आले तर ३२०-४०० पाणीपेपरने धार मोडून ठेवा. आणखी एक चाचणी आहे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवलेला बोळा आडबाजूला मिनिटभर दाबून धरायचा. रंग वितळला किंवा सुरकुतला, तर त्यावर पीयू (पॉलियुरेथेन रंग) किंवा लॅकर थेट मारायचं नाही. वरच्या रंगाचं थिनर खालच्या इनॅमलला उचलतं आणि सकाळी पाहावं तर सबंध दार सुरकुत्यांचं. इनॅमलवर इनॅमल मारतानाही हीच भीती आहे: दुसरा हात एक तर काही तासांत, नाही तर पहिला पूर्ण वाळल्यावर. मधल्या अर्धवट दिवसांत मारला की सुरकुतलाच.

गंज मात्र खरवडावाच लागतो, आणि तो कुठे असतो हे सांगायला ज्योतिषी नको. पुढच्या काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे, दाराची खालची घडी, पायरी, छपराच्या कडेची पन्हळ आणि हौद्याला लागणारी केबिनची पाठ. जिथे बुडबुडा दिसतो त्याच्या दुप्पट जागा आतून गेलेली धरावी. वायर ब्रश, ८० नंबरची डिस्क, मग फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशक. ते पाण्याने पूर्ण धुवून, पुसून, उन्हात वाळवायचं. आम्ल राहिलं तर इपॉक्सी प्रायमर धरत नाही, आणि उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी पुन्हा पिवळी झाक. त्याच दिवशी प्रायमर. पत्रा आरपार गेला असेल तर कापून नवा तुकडा वेल्ड करायचा. जाळी लावून लांबी भरणाऱ्यांचं काम वर्षभरात धपकन निघून येतं. दोन भागांची पॉलिस्टर लांबी शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम हार्डनर, बस. थंडीत लवकर वाळावी म्हणून लाल हार्डनर जास्त पिळतात, मग लांबी ठिसूळ होते, बारीक भोकं पडतात आणि वरच्या रंगात डाग उमटतात. डब्यातून थेट लागणारी एनसी पुट्टी फक्त ओरखड्यांपुरती. जाड भरली तर ती महिनोन्‌महिने बसत राहते आणि रंगाखाली खड्डा दिसू लागतो.

आता वेळ. रंगासाठी कोरडी हवा हवी, म्हणजे पावसाळा बाद. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली, किंवा पत्रा दवबिंदूच्या, म्हणजे दव धरू लागतं त्या तापमानाच्या, तीन अंशांच्या आत आला, की थिनर उडताना पत्रा आणखी गार होतो, त्यावर न दिसणारं दव बसतं आणि रंगावर दुधी साय येते. मिरजेत तंबोऱ्याच्या भोपळ्यावर लाखेचं पॉलिश करणारे कारागीरही भर पावसात हात आवरतात ते याच सायीपायी. मग दिवाळीनंतरची कोरडी हवा घ्यावी, तर तेव्हा कराड, इस्लामपूर (आता ईश्वरपूर), सांगलीकडे साखर कारखान्यांचे गळीत हंगाम पेटलेले. धुराड्यातून उडालेली बगॅसची काळी राख ओल्या रंगावर अलगद बसते आणि पुसली की काजळासारखी पसरते. शिवाय ट्रक त्याच दिवसांत उसाला लागलेला असतो, मालक गाडी सोडणार कसा? उरतो एप्रिल-मे. तेव्हा पत्रा इतका तापतो की गनमधून निघालेला रंग पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि हाताला खरखरीत लागतो, किंवा वरची कातडी आधी सुकून आतलं थिनर फोड काढून बाहेर येतं. म्हणून या भागातले जाणते पेंटर मे महिन्यात पहाटे काम काढतात, संथ उडणारं थिनर वापरतात, जमिनीवर पाणी मारून धूळ बसवतात आणि नऊच्या आत गन धुवून ठेवतात. गनचं तोंड १.३ ते १.४ मिमी, हवेचा दाब ३० ते ३५ पीएसआय, अंतर सहा ते आठ इंच, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढलेली. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं आणि नळीला पाणी आणि तेल अडवणारा फिल्टर लावायचा, नाही तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे उठतात. केबिन, बॉनेट, मडगार्डला दोन हातांना चार लिटर इनॅमल धरावं. पीयूची चमक जास्त टिकते यात वाद नाही. पण त्याच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटमुळे दमा जडतो, आणि तोंडाला रुमाल बांधून पीयू मारणारी पोरं प्रत्येक शेडमध्ये दिसतात. त्यासाठी ताज्या हवेचा पुरवठा असलेला मास्कच लागतो. आणि कामाच्या ट्रकला फाळक्याचा ओरखडा लागला तर इनॅमल ब्रशने जुळवता येतं, पीयू येत नाही. माझं पारडं इनॅमलकडेच झुकतं.

अक्षरं राहिलीच. 'सिद्धनाथ प्रसन्न', 'यमाईदेवी कृपा', फाळक्यावरचं कमळ, दोन बाजूंचे मोर. ही पेंटरच्या हाताची अक्षरं पातळ रंगात काढलेली असतात आणि बफिंगमध्ये सर्वांत आधी तीच जातात. घासण्यापूर्वी त्यांच्यावर बटर पेपर ठेवून पेन्सिलीने वळण उतरवून घ्यावं, भोवती टेप लावावी, आणि अक्षरांवर फक्त बोटाने मऊ पॉलिश. आताची विनाइलची अक्षरं सुबक असतात, पण 'प्र' ची शेपूट लांबवून तिचाच मोर करणारा हात त्यात नाही.

कॅरॅव्हॅनकडे वळायला उशीर झाला, तसाच तिच्या मालकांनाही झाला होता. छत सहसा मधोमध गळत नाही. ते कडेच्या पट्टीतल्या स्क्रूशी, कोपऱ्याच्या सांध्याशी आणि हवेच्या झरोक्याभोवती गळतं. तिथून शिरलेलं पाणी छताखालच्या लाकडी बरगडीच्या कडेने वाहत जातं आणि भलतीकडेच, पलंगावर, डाग पाडतं. लोक डागाच्या वर छतावर काहीतरी फासतात. पांढऱ्या रंगाचा तो 'आणखी एक हात' इथे घात करतो. वर रबरी रंग, खाली व्हिनाइलचा तक्तपोस (आतून दिसणारं छत), मध्ये ओला प्लाय: वाळायला जागाच नाही. उन्हात त्या पाण्याची वाफ होऊन रंगाला फुगे येतात, रात्री ती परत पाणी होऊन लाकडात मुरते. ओलावा मोजायचं यंत्र लाकडाला लावलं तर पंधरा टक्क्यांपर्यंत ठीक, वीसच्या वर संशय, आणि तिशीकडे गेलं की कुज सुरू झालेली असते. आतून ठोकून ऐकलं तरी कळतं. कोरडा प्लाय टणटण वाजतो, ओला बद्द.

छत काढायची गोष्ट उन्हाळ्यातच, पण वळवाचं भान ठेवून. साताऱ्यात मेमधल्या दुपारी तीनपर्यंत लख्ख ऊन असतं आणि चारला गारा. म्हणून जेवढं ताडपत्रीखाली झाकता येईल तेवढंच उघडावं आणि ताडपत्री दोऱ्यांसकट तयार ठेवावी. वर चालताना बरगड्यांवर आडवी फळी टाकून त्यावरच पाय. आधी झरोक्याची झाकणं, अँटेना, दिवे, मग कडेच्या पट्ट्या. पट्टीखालची जुनी ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावी, लोखंडी उलथन्याने ॲल्युमिनियमला ओरखडे पडतात आणि नवी टेप तिथे बसत नाही. जुनं आवरण सोललं की खरी हालत दिसते. पांढरी बुरशी, काळा पडलेला प्लाय, हाताने कुस्करता येणाऱ्या बरगड्या. बरगडीचं टोक गेलेलं असेल तर शेजारी जोडपट्टी ठोकून भागत नाही. ओल पुढे चढलेली असते, निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचं.

हिशेब सोपा आहे. सोळा फूट लांब, सात फूट रुंद छत म्हणजे ११२ चौरस फूट. आठ बाय चारचे प्लाय रुंदीत आडवे टाकले की प्रत्येक पान चार फूट लांबी झाकतं, चार पानांत काम होतं आणि बरगड्या सोळा इंचांवर असतील तर प्रत्येक सांधा बरोबर बरगडीवर पडतो. प्लाय आयएस ७१० चा मरीन घ्यावा. दुकानदार आयएस ३०३ चा स्वस्त पुढे करतात, तो घरातल्या कपाटाला ठीक. जाडी नऊ मिलिमीटर, पानांमध्ये दोन-तीन मिमीची फट फुगण्यासाठी, ३०४ स्टेनलेस स्टीलचे स्क्रू कडेला सहा इंचांवर आणि मध्ये फुटावर. झरोक्याचं भोक सहसा चौदा बाय चौदा इंचांचं. मधल्या बरगड्या इंचभर उंच ठेवून छताला उतार द्यावा. सपाट छतावर पाणी साचतं आणि साचलं की शिरतं. बरगड्यांमध्ये पंचवीस मिमी थर्माकोल किंवा फोम घट्ट बसवावा, कारण पाचगणीच्या थंडीत आत झोपलेल्यांच्या श्वासाची वाफ गार छताखाली थेंब होऊन टपकते आणि लोक त्यालाही गळतीच समजतात.

वर काय घालायचं, यात तीन वाटा. ॲल्युमिनियमचा पत्रा हलका आणि ओळखीचा. पण सोळा फुटी पत्रा रात्रीच्या पंधरा अंशांपासून दुपारच्या साठ अंशांपर्यंत तापला की सुमारे पाच मिलिमीटर वाढतो आणि रोज रात्री परत आटतो. गोल भोकात आवळलेले स्क्रू दोन हंगामांत सीलंट फाडतात. भोकं लांबट ठेवावी लागतात, आणि साधे लोखंडी स्क्रू वापरले तर दोन धातूंच्या सांध्यात पाणी शिरून ॲल्युमिनियमला पांढरा गंज लागतो. दुसरी वाट फायबरची. सांगलीत कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी फायबरचं काम करणारा कारागीर शोधता येतो. चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणारी काचतंतूंची मॅट दोन थरांत, म्हणजे एवढ्या छताला साडेनऊ किलो मॅट आणि वीस-बावीस किलो रेझिन. हार्डनर एक ते दोन टक्के, आणि दुपारच्या उन्हात कमीच, नाही तर डब्यातच धूर निघतो. प्लाय पूर्ण कोरडा नसेल तर फायबर एक पापुद्रा होऊन सुटतो. तिसरी ईपीडीएम रबराची चादर. मला हीच बरी वाटते, पण ती मागवावी लागते. कडेला सहा-सहा इंच जास्त धरून सतरा बाय आठ फुटांचा तुकडा, जाडी १.१ मिमी. ती पसरून तास-दोन तास तशीच ठेवायची म्हणजे घड्या सुटतात. मग अर्धी दुमडून प्लायवर पाण्याचा गोंद रोलरने लावायचा, चादर ओढू नये, फक्त लोळवावी, आणि मधून कडेकडे हात फिरवून हवा काढावी. प्लाय गोंद पितो, म्हणून चार लिटरचा डबा जेमतेम पुरतो, पाच लिटरचा आणावा. टर्पेंटाइन, डिझेल, पेट्रोलने हे रबर फुगतं. ट्रकसाठी बाटलीत असलेला बोळा चुकूनही इकडे फिरवू नये. एकाच शेडमध्ये दोन गाड्या असल्या की नेमकं तेच होतं. सिलिकोनही नको. त्यावर पुढे कोणतंच सीलंट चिकटत नाही, सिलिकोनसुद्धा नाही.

कडेला भोवती सेहेचाळीस फूट, म्हणजे इंचभर रुंद ब्यूटाइल टेपचे तीस फुटी दोन गठ्ठे. पट्टी टेपवर दाबून बसवायची, स्क्रू आवळायचे, दुसऱ्या दिवशी टेप बसली की पुन्हा थोडे आवळायचे, बाहेर आलेली टेप कापायची आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर स्वतः पसरून बसणारं लॅप सीलंट. तीनशे मिलीच्या सहा नळ्या. मग झारीने नाही, बागेच्या नळीने पाणी. खालच्या टोकापासून सुरुवात करायची, कारण एकदम वरून सोडलं तर कुठून शिरलं ते कळत नाही. एक जण आत बॅटरी घेऊन बसलेला, दहा-दहा मिनिटं एकेका सांध्यावर. आतला तक्तपोस बसवायची घाई करू नये, पावसाचा एक चांगला सडाका खाऊ द्यावा.

या दोन कामांच्या बिलांतही गंमत आहे. ट्रकच्या मालकांना कमी पैशांत जास्त दिसलं. कॅरॅव्हॅनच्या मालकांनी पुष्कळ पैसे मोजले आणि हातात आलं काय, तर आधीसारखंच एक पांढरं छत. तिथल्या तिथे ते म्हणाले, "पण फरक काय पडला हो?" याचं उत्तर ऑगस्टमध्येच मिळतं.

ट्रकला मात्र पुढच्या वर्षी परत पासिंग आहे आणि आदल्या रात्री कुणीतरी हिरव्या इनॅमलचा डबा फोडणारच. कोणी ऐकत असेल तर सांगावं: तपासणारे ब्रेक, दिवे, रिफ्लेक्टरच्या पट्ट्या, पत्र्याची भोकं आणि धारदार कडा बघतात, बॉनेटच्या चमकेला मार्क नाहीत. ब्रश फिरवायचाच असेल तर चाकांच्या कमानी, चासीच्या कडा आणि हौद्याची आतली बाजू एवढ्यावरच, तेही आधी टर्पेंटाइनने पुसून. गाडीचा रंग आरसी बुकात हिरवा असा नोंदलेला आहे, तेव्हा निळा स्वस्त मिळाला म्हणून आणू नये. आणि डबा आणायला जाणाऱ्याने जुन्या रंगाचा नखभर पोपडा खिशात घालून न्यावा. दाराच्या आतल्या घडीतला, कारण तिथे ऊन पोचलेलं नसतं.